तोंड सतत चालू: पाकिटातलं खाणं आणि वाढत्या मुलांचे दात

मुलाचा दात किडला की घरात पहिला आळ येतो तो चॉकलेटवर. मग चॉकलेट बंद होतं, आठवडाभर शिस्त टिकते. त्याच आठवड्यात मधल्या वेळेला बिस्किटांचा पुडा फुटत असतो, संध्याकाळी चिप्सचं पाकीट उघडतं आणि अभ्यासाच्या टेबलावर शीतपेयाची बाटली घोटाघोटानं रिकामी होत असते. चिप्स खारट, म्हणून त्यांच्यावर कुणाचा संशय जात नाही. बाटली तर इतकी सवयीची झालेली असते की ती दिसतच नाही. दातांना विचारलं तर ते सांगतील, की चॉकलेटची वडी एका बैठकीत संपवून वर पाणी पिणारं मूल परवडलं, दीड तास एकेक चिप कुरतडणारं नको.

हे सगळं दहा-अकरा ते अठरा-एकोणीस या वयातल्या मुलामुलींबद्दल आहे. पायऱ्या क्रमानं दिल्या आहेत, पण सगळ्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: काय खाल्लं हे नंतर बघा, दिवसातून किती वेळा तोंड चाललं हे आधी मोजा.

तोंडात नेमकं काय घडतं

दाताचं वरचं आवरण, म्हणजे इनॅमल, हा शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ. वजनाच्या सुमारे ९६ टक्के खनिज. पण त्यात जिवंत पेशी नसतात, त्यामुळे हाड मोडलं तर सांधतं तसं इनॅमल पुन्हा उगवत नाही. त्याची डागडुजी बाहेरून, लाळेतूनच व्हावी लागते.

दातांवर जीवाणूंचा चिकट थर कायम असतो. त्यातले काही जीवाणू, विशेषतः स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स, साखर मिळाली की तिचं आम्ल करतात. पीएच हे आम्लता मोजण्याचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त. तो साधारण ५.५च्या खाली गेला की इनॅमलमधलं कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळून बाहेर पडू लागतं. अमेरिकेतल्या रॉबर्ट स्टीफन यांनी १९४०च्या दशकात हे मोजून दाखवलं: साखरेच्या पाण्यानं चूळ भरल्यावर काही मिनिटांतच पीएच धाडकन खाली येतो आणि मग लाळ त्याला हळूहळू वर खेचते. पूर्वपदावर यायला अर्धा ते एक तास लागतो. त्यानंतर लाळेतली खनिजं दातात परत शिरू लागतात. म्हणजे हे नुकसान आणि भरपाई असं रोजचं देणं-घेणं आहे. दोन खाण्यांच्या मध्ये पुरेसा वेळ मिळाला तर हिशेब जुळतो. तो मिळाला नाही तर उधारी वाढत जाते, आणि एक दिवस भोक पडतं.

याचा सर्वांत ठळक पुरावा जिथून आला, ती गोष्ट सांगताना अवघडायला होतं. स्वीडनमधल्या व्हिपेहोल्म इथल्या, बौद्धिक अपंगत्व असलेल्यांच्या संस्थेत १९४०च्या दशकात तिथल्या लोकांना त्यांची संमती न घेता वेगवेगळ्या प्रकारे साखर खाऊ घातली गेली. आज असा प्रयोग कुणी करू देणार नाही. त्यातून दिसलं ते असं: जेवणासोबत दिलेल्या साखरेनं कीड फारशी वाढली नाही, पण दोन जेवणांच्या मध्ये चिकट टॉफी दिलेल्या गटात ती झपाट्यानं वाढली.

मग प्रक्रिया केलेल्या पदार्थांचाच इतका बाऊ का? ब्राझीलच्या साओ पाउलो विद्यापीठातले कार्लोस मोन्तेरो आणि त्यांचे सहकारी यांनी २००९ पासून मांडलेल्या नोव्हा वर्गीकरणात अन्नाचे चार गट आहेत. शेवटचा गट अतिप्रक्रियायुक्त पदार्थांचा, म्हणजे घरच्या स्वयंपाकात न वापरले जाणारे घटक घालून कारखान्यात तयार झालेले. दातांच्या दृष्टीनं या पदार्थांत तीन गोष्टी एकत्र येतात. साखर बहुतेकांत असते, अगदी सॉस आणि खाऱ्या बिस्किटांतही. पिठाचं स्टार्च शिजवून, दळून, फुगवून इतकं मऊ केलेलं असतं की लाळेतलं अमायलेज हे पाचक द्रव्य त्याची साखर तोंडातच करू लागतं. तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते: हे पदार्थ कधीही, कुठेही, एका हातानं खाता यावेत अशाच बेतानं बनवलेले असतात. ताट लागत नाही, वेळ लागत नाही, भूकही लागत नाही.

चिकटपणाबद्दल एक गैरसमज आहे. जे हाताला चिकट लागतं तेच दाताला धरून बसतं, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात कॅरामेलसारखे विरघळणारे पदार्थ लाळेनं तुलनेनं लवकर धुतले जातात, आणि चिप्स-बिस्किटांचा लगदा दाढांच्या खाचांत बराच वेळ टिकतो. खात्री करायची असेल तर क्रीमचं बिस्किट खाऊन दहा मिनिटांनी जीभ दाढांवरून फिरवून बघा.

हेच वय का नाजूक

दुसऱ्या कायमच्या दाढा साधारण ११ ते १३ या वयात येतात, उपदाढा आणि सुळे त्याच्या आगेमागे. नवा उगवलेला दात दिसायला पांढराशुभ्र असला तरी त्याचं इनॅमल कच्चं असतं. लाळेतली खनिजं शोषून पक्कं व्हायला त्याला दोन-तीन वर्षं लागतात. नेमकी हीच वर्षं पॉकेटमनीची, क्लासच्या मधल्या सुट्टीची आणि रात्रीच्या जागरणांची. दाढांच्या खाचा नव्या असल्यानं खोल असतात, त्यात ब्रशचे केस पोचत नाहीत. त्यातच अनेकांच्या दातांना तारा बसतात. आणि आई-बाबा "दात घासलेस का?" एवढंच विचारतात, तोंड उघडून बघायचं मात्र मुलगा सहा-सात वर्षांचा असतानाच थांबलेलं असतं.

पहिली पायरी: तीन दिवस फक्त वेळा लिहा

एक कागद फ्रिजवर लावा किंवा मुलाला मोबाइलवर नोंद करू द्या. तीन दिवस, त्यात एक सुट्टीचा. पाण्याखेरीज तोंडात काहीही गेलं की वेळ लिहायची. पदार्थाचं नाव लिहिलं तर उत्तम, प्रमाण लिहिण्याची गरज नाही. घोट घोट प्यायलेल्या पेयाला सुरुवात आणि शेवट अशा दोन वेळा. ही नोंद मुलानंच करायची. आपण केली तर ती पाळत होते, आणि पाळत ठेवली की पुडे दप्तरात जातात. या तीन दिवसांत टोकायचं नाही, हे आपल्याला जास्त जड जातं.

आता हिशेब. समजा, एका मुलाचा दिवस असा निघाला: ७ वाजता दुधात गोड सीरियल. साडेनऊला बिस्किटं. १ वाजता जेवण. ४ वाजता चिप्स. साडेपाच ते साडेसहा खेळताना स्पोर्ट्स ड्रिंक. साडेआठला जेवण. रात्री १० ते साडेअकरा मोबाइलसमोर कोला आणि क्रीमची बिस्किटं.

एका खाण्यामागे आम्लाची किमान ३० मिनिटं धरू. हा ढोबळ अंदाज आहे, प्रत्यक्षात जास्तच. पाच वेगवेगळ्या खाण्यांचे अडीच तास. स्पोर्ट्स ड्रिंकचा एक तास आणि वर अर्धा, असे दीड. रात्रीचे दीड आणि अर्धा, असे दोन. एकूण ६ तास.

आता तोच दिवस जरा हलवू. बिस्किटं सकाळच्या सीरियलबरोबरच. चिप्स चारलाच, पण दहा मिनिटांत संपवून वर पाणी. खेळताना साधं पाणी. कोला आणि क्रीमची बिस्किटं साडेआठच्या जेवणासोबत. खाणी उरली चार, वेळ २ तास. स्पोर्ट्स ड्रिंक तेवढं वजा झालं, बाकी जवळपास सगळं तेच. असा आहार आदर्श आहे असं मी म्हणणार नाही, पोट आणि वजन यांची गणितं निराळी आहेत. पण मुलाला पहिल्याच दिवशी "सगळं बंद" असं न सांगता दातांवरचा मारा एक तृतीयांशावर आला.

दुसरी पायरी: बाटलीचा बंदोबस्त

एकच गोष्ट बदलायची ताकद असेल तर ती पेयांची बदला. कारण पेयं दोन बाजूंनी मारतात. एक म्हणजे साखर: साध्या कोलाच्या ३३० मिलीच्या कॅनमध्ये ती सुमारे ३५ ग्रॅम असते. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्ये सांगितलं, की फ्री शुगर दिवसाच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी असावी, ५ टक्क्यांखाली आली तर अधिक चांगलं. दिवसाला २००० कॅलरी धरल्या तर हे अनुक्रमे ५० आणि २५ ग्रॅम होतात. म्हणजे एका कॅननंच दुसरी मर्यादा ओलांडली. फ्री शुगरमध्ये वरून घातलेली साखर तर येतेच, शिवाय मध, सिरप आणि फळांचा रससुद्धा येतो. अख्ख्या फळातली आणि दुधातली साखर त्यात मोजत नाहीत.

दुसरी बाजू आम्लाची. कोलाचा पीएच अडीचच्या आसपास असतो. एनर्जी ड्रिंक आणि स्पोर्ट्स ड्रिंक यांचा बहुधा तीन ते साडेतीन. इथे जीवाणूंची मध्यस्थीही लागत नाही, पेयातलं आम्ल इनॅमल थेट झिजवतं. आंबट खाल्ल्यावर दात आंबतात तो अनुभव सगळ्यांचा आहे. इथे ते रोज, थोडे थोडे, न जाणवता आंबत राहतात. डाएट कोलामुळे साखरेचा प्रश्न सुटतो, आम्लाचा नाही. "शुगर फ्री आहे ना" म्हणून दिवसभर ती बाटली जवळ बाळगणाऱ्या मुलांच्या दातांना कीड नसते, झीज असते. कीड भरून काढता येते. झीज बऱ्याच दातांवर पसरलेली असली तर काम मोठं आणि खर्चिक होतं.

करायचं काय? दोन जेवणांच्या मध्ये फक्त पाणी किंवा साधं दूध. शीतपेय प्यायचंच असेल तर जेवणासोबत, ग्लासात ओतून, एकदाच. बाटलीतून पिऊ नये, कारण झाकण असलेली बाटली म्हणजे तासभर चालणारं पेय. तोंडात घोळवायचं नाही. स्ट्रॉ वापरली तर ती जिभेच्या मागच्या बाजूला जायला हवी, ओठांशी धरली तर पुढच्या दातांवरच फवारा बसतो. प्यायल्यावर पाण्यानं खळखळून चूळ. आणि लगेच ब्रश करायचा नाही: आम्लानं मऊ पडलेला थर घासला जातो. अर्धा ते एक तास थांबायचं.

मोठ्या खेळातल्या मुलांना स्पोर्ट्स ड्रिंक लागतंच, असं प्रशिक्षकही सांगतात. पण तासाभराच्या साध्या सरावाला पाणी पुरतं.

तिसरी पायरी: पाकिटाची मागची बाजू

पुढची बाजू जाहिरात असते, माहिती मागे. तिथे दोनच गोष्टी बघायच्या. १०० ग्रॅममध्ये साखर किती, त्याला चारानं भागलं की चमचे मिळतात. आणि घटकांची यादी. ती वजनाच्या उतरत्या क्रमानं असते, त्यामुळे पहिले तीन घटक म्हणजेच तो पदार्थ. साखर अनेक नावांनी विभागून आली की प्रत्येक नाव खाली सरकतं, ही चलाखी लक्षात ठेवा. ग्लुकोज सिरप, फ्रुक्टोज, डेक्स्ट्रोज, इन्व्हर्ट सिरप, माल्टोडेक्स्ट्रिन, फळांच्या रसाचं कॉन्सन्ट्रेट: तोंडातल्या जीवाणूंना सगळी सारखीच गोड. यादीतला ३३० क्रमांक म्हणजे सायट्रिक आम्ल, ३३८ म्हणजे फॉस्फोरिक. आंबट गोळ्या आणि जेलीवर जी पांढरी पूड असते तीही बहुधा साखर आणि आम्ल यांचं मिश्रण असते, त्यामुळे त्या चघळणं म्हणजे दुहेरी मार.

चौथी पायरी: घरात जे दिसतं ते बदला

मुलं समोर असेल ते खातात, आणि खरं तर मोठेही. मधल्या वेळेसाठी दाणे, अख्खं फळ, चीज, दही, उकडलेलं अंडं असं काही हाताशी असेल तर पुडा शोधायला जाणं कमी होतं. चीजचं विशेष असं, की ते चावताना लाळ सुटते, पीएच वर येतो आणि त्यातलं कॅल्शियम-फॉस्फेट दाताला मिळतं. जेवणाच्या शेवटी लहानसा तुकडा पुरे. जेवणानंतर वीसेक मिनिटं बिनसाखरेचं च्युइंगगम चघळणंही त्याच कारणानं उपयोगी. तारा असतील तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा.

सुकामेवा आणि एनर्जी बार यांना "आरोग्यदायी" म्हणून सूट देऊ नका. मनुका आणि खजुराचे बार दाढेत घट्ट बसतात. खायचे तर जेवणासोबत.

पाचवी पायरी: रात्र

झोपेत लाळ जवळजवळ आटते. दिवसा जी भरपाई अर्ध्या तासात सुरू होते, ती रात्री होत नाही. शेवटचं बिस्किट खाऊन तसंच झोपलेल्या मुलाच्या दाढेत ते सकाळपर्यंत आंबत असतं. म्हणून नियम सरळ: रात्रीच्या ब्रशनंतर पाण्याशिवाय काही नाही. परीक्षेच्या दिवसांत मुलं जागतात आणि जागलं की भूक लागते, तेव्हा ब्रशची वेळ पुढे ढकला, नियम मोडू नका. साडेअकराला खाऊन बाराला ब्रश चालेल. दहाला ब्रश करून साडेअकराला खाणं चालणार नाही.

ब्रश स्वतः कसा करायचा हे सगळ्यांना माहीत असतं, तरी दोन गोष्टी बहुतेक चुकतात. पेस्टवर फ्लोराइडचं प्रमाण १३५० ते १५०० पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) आहे का ते बघत नाहीत. आणि दोन मिनिटं घासून झाल्यावर भरपूर पाण्यानं चूळ भरून ते फ्लोराइड धुऊन टाकतात. थुंकायचं आणि तसंच सोडायचं. कोळशाच्या काळ्या पेस्टच्या नादी लागू नका: ती खरखरीत असू शकते आणि अनेकींत फ्लोराइडच नसतं. लिंबू चोळून दात पांढरे करण्याच्या व्हिडिओंबद्दल तर बोलायलाच नको.

सहावी पायरी: महिन्यातून एकदा तोंडात डोकावणं

टॉर्च घ्या, स्वच्छ कापसानं दात कोरडे करा. ओल्या दातावर सुरुवातीची कीड दिसत नाही. हिरडीच्या कडेला खडूसारखा निस्तेज पांढरा डाग दिसला तर तो कीड सुरू झाल्याची खूण. आनंदाची बातमी अशी, की पृष्ठभाग फुटलेला नाही तोवर हा डाग थांबवता येतो, कधी पुसटही होतो. तारा असलेल्यांत तो ब्रॅकेटच्या भोवती येतो, आणि महिन्याभरातही येऊ शकतो. दाढांच्या खाचांत तपकिरी-काळी रेघ, पुढच्या दातांच्या कडा काचेसारख्या पारदर्शक, दाढांच्या टोकांवर बशीसारखे खळगे (ही आम्लाची झीज), थंड पाण्यानं सणक: यातलं काही दिसलं तर भेटीची वेळ घ्या. वरच्या पुढच्या दातांच्या आतल्या, जिभेकडच्या बाजूनं झीज असेल तर कारण पोटातलं आम्लही असू शकतं: जुनी पित्ताची तक्रार, किंवा मूल वारंवार उलट्या करत असेल ती. इथे रागावणं पूर्ण चुकीचं. शांतपणे विचारा आणि डॉक्टरांना सांगा.

हिरड्यांतून रक्त येणं हे वयात येताना वाढतं, कारण संप्रेरकांमुळे हिरड्या थराला जास्त चिडतात. पण कारण थरच. १९६५ मध्ये हाराल्ड लो आणि सहकाऱ्यांनी डेन्मार्कमध्ये निरोगी लोकांना दात घासणं थांबवायला लावलं. दहा ते एकवीस दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या, आणि घासणं पुन्हा सुरू केल्यावर आठवडाभरात पूर्ववत झाल्या. रक्त येतं म्हणून त्या जागी ब्रश न फिरवणं हा उलटा इलाज आहे.

मुलाशी बोलताना

"चाळिशीत कवळी लागेल" या धमकीचा पंधराव्या वर्षी काही परिणाम होत नाही. तारा काढल्यावर दातांवर राहणारे पांढरे चौकोन, तोंडाचा वास, सेल्फीत दिसणारा पिवळेपणा, हे त्यांच्या जगातलं आहे. आणि बदल एका वेळी एकच मागा. आमच्या घरी एकदम पाच नियम लावले तेव्हा चौथ्या दिवशी एकही उरला नव्हता. नुसता रात्रीचा नियम लावला, तो टिकला.

दातांच्या डॉक्टरांकडे

साधारण सहा महिन्यांनी, धोका जास्त असेल तर तीन महिन्यांनी. तीन दिवसांचा तो कागद सोबत न्या, "काय काय खातो?" या प्रश्नाला त्याच्याइतकं प्रामाणिक उत्तर दुसरं नाही. दोन गोष्टी आपणहून विचारा. नव्या दाढांच्या खाचा सीलंटनं बुजवता येतील का? सुई नाही, ड्रिल नाही, काही मिनिटांचं काम, आणि दाढ नुकती आली असतानाच त्याचा खरा फायदा. दुसरं, फ्लोराइड व्हार्निश, म्हणजे दातांवर लावायचा फ्लोराइडचा लेप. त्यात सुमारे २२,६०० पीपीएम फ्लोराइड असतं, ते डॉक्टरच लावतात. नियमित घ्यायच्या औषधांत गोड सिरप किंवा इनहेलर असेल तर तेही सांगा. इनहेलरनंतर चूळ भरणं अनेकांना कुणी सांगितलेलंच नसतं.

गरम पदार्थानं ठणका लागून तो बराच वेळ राहत असेल किंवा रात्री झोपेतून जाग येत असेल, तर कीड आतल्या नसेपर्यंत पोचली असण्याची शक्यता आहे. वेदनाशामक देऊन परीक्षा संपायची वाट बघू नका. गाल किंवा जबडा सुजला, ताप आला, तोंड उघडायला किंवा गिळायला त्रास होऊ लागला, तर त्याच दिवशी, वेळ कुठलीही असो, दवाखाना गाठा.